आकृत्या नसलेल्या ग्रंथाचा कर्ता : जोसेफ लुई लाग्रांज

भारताचे ‘आदित्य एल-१’ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील आपल्या नियोजित कक्षेत दाखल झाले. त्या नावातील ‘एल’ हे अक्षर जोसेफ लुई लाग्रांज या गणितज्ञाच्या आडनावाचे आद्याक्षर आहे. सूर्य आणि पृथ्वी यांच्या आकर्षणाचा मेळ बसणाऱ्या अवकाशातील पाच बिंदूंना त्याचे नाव मिळाले आणि त्या निमित्ताने ते मराठी वाचकांच्याही कानावर पडले. परंतु लाग्रांजचा वारसा केवळ अंतराळापुरता मर्यादित नाही. कारखान्यात वेल्डिंग करणारे यांत्रिक हात, खडकाळ जमिनीवर तोल सावरणारे चार पायांचे यंत्र, अनुभवातून शिकणारे रोबो, या साऱ्यांच्या नियंत्रणशास्त्रात त्याच्या समीकरणांना पायाभूत स्थान आहे.

रोबोचा हात हलवायचा म्हणजे त्याच्या प्रत्येक सांध्यातील मोटारीने कोणत्या क्षणी किती पीळ, म्हणजे टॉर्क, द्यावा हे ठरवायचे. हे ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग भौतिकशास्त्राचा : हाताच्या भागांची वजने, लांबी आणि गुरुत्वाकर्षण यांवरून समीकरण मांडायचे आणि उत्तर काढायचे. दुसरा मार्ग अनुभवाचा : हात हजारो वेळा हलवून पाहायचा, नोंदी साठवायच्या आणि संगणकाला त्या नोंदींतून शिकू द्यायचे. गेल्या काही वर्षांत या दोन मार्गांची सांगड घालण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. त्यांतील एका महत्त्वाच्या प्रयत्नाला संशोधकांनी थेट लाग्रांजचेच नाव दिले. आणि गंमत अशी, की स्वतः लाग्रांजला मात्र आयुष्याच्या उत्तरार्धात गणिताची खाण आता संपत आली, असे वाटू लागले होते.

लाग्रांजचा जन्म २५ जानेवारी १७३६ रोजी तुरीन येथे झाला. आज इटलीत असलेले हे शहर तेव्हा सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होते. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचे नाव जुझेप्पे लोदोविको लाग्रांजिया असे ठेवण्यात आले. घराण्याचे मूळ फ्रेंच. पणजोबा फ्रेंच घोडदळात अधिकारी होते. वडील तुरीनच्या सार्वजनिक बांधकाम व तटबंदी खात्याचे खजिनदार, तर आई एका डॉक्टरची मुलगी. अकरा भावंडांत तो थोरला. त्यांपैकी प्रौढ वयापर्यंत दोघेच जगले. वडिलांनी सट्ट्यात बरीचशी संपत्ती घालविली. आपल्या वाट्याला वैभव आले असते, तर आपण बहुधा गणिताकडे वळलोच नसतो, असे लाग्रांज पुढे सांगत असे.

मुलाने वकील व्हावे अशी घरची अपेक्षा होती. तुरीनच्या विद्यापीठात त्याला आरंभी अभिजात लॅटिनची गोडी लागली. ग्रीकांची भूमिती त्याला कंटाळवाणी वाटे. इंग्रज ज्योतिर्विद एडमंड हॅली याचा बीजगणिताच्या प्रकाशशास्त्रातील उपयोगावरचा १६९३ सालचा निबंध त्याच्या वाचनात आला आणि आयुष्याची दिशा बदलली. आकृती काढून जे कष्टाने सिद्ध करावे लागते, ते अक्षरांच्या हिशेबाने किती सहज साधते, याचा तो साक्षात्कार होता. ही आवड पुढे साठ वर्षे टिकली.

गणित तो बहुतांशी स्वतःच शिकला. १७५४ साली त्याने आपले पहिले संशोधन प्रसिद्ध केले आणि थोड्याच दिवसांत ते लाइब्निट्स आणि योहान बर्नुली यांच्या पत्रव्यवहारात आधीच येऊन गेल्याचे त्याला कळले. आपल्यावर चौर्याचा आळ येईल, या भीतीने हा अठरा वर्षांचा तरुण अस्वस्थ झाला. वादापासून चार हात दूर राहण्याचा आणि प्रत्येक विधान तोलून करण्याचा स्वभाव त्याच्यात कायमचा मुरला.

पुढल्याच वर्षी, १२ ऑगस्ट १७५५ रोजी, त्याने बर्लिनमध्ये असलेल्या लेओनार्ड ऑयलरला पत्र पाठविले. युरोपातील सर्वश्रेष्ठ गणितज्ञाला एकोणीस वर्षांच्या अनोळखी मुलाने लिहिलेल्या या पत्रात एक नवी पद्धत होती. असंख्य संभाव्य मार्गांपैकी सर्वांत कमी वेळाचा किंवा सर्वांत कमी लांबीचा मार्ग कोणता, अशा प्रश्नांसाठी ऑयलरला भूमितीचा आधार घ्यावा लागत होता. लाग्रांजने ते काम शुद्ध कलनाने करून दाखविले. ऑयलरने महिनाभरातच मनमोकळी प्रशंसा करणारे उत्तर धाडले, स्वतःची पद्धत बाजूला ठेवून तरुण सहकाऱ्याची पद्धत स्वीकारली आणि या शाखेला चलन-कलन हे नाव दिले. त्याच सप्टेंबरात लाग्रांजची तुरीनच्या तोफखाना शाळेत प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

१७५७ साली तुरीनमधील काही अभ्यासकांबरोबर त्याने एक विद्वत्सभा स्थापन केली. तीच पुढे तुरीनची रॉयल अकादमी झाली. सभेच्या नियतकालिकासाठी तो अहोरात्र लिहीत असे आणि त्या अतिश्रमांनी त्याची प्रकृती तरुणपणीच ढासळली. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे का असते आणि तरीही तो किंचित डोलतो का, या प्रश्नावरील निबंधाला १७६४ साली पॅरिसच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले. या निबंधातच त्याच्या पुढील महाग्रंथाचे बीज होते.

ऑयलर १७६६ साली रशियाला गेला, तेव्हा प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने दालाँबेरच्या शिफारशीवरून लाग्रांजला बर्लिनच्या अकादमीत गणित विभागाचा प्रमुख म्हणून बोलाविले. तेथे तो वीस वर्षे राहिला. १७६७ साली त्याने आपली नातलग व्हित्तोरिया कोंती हिच्याशी विवाह केला. दिवसाचे काम आखून घ्यावे, ठरलेले पुरे झाले की थांबावे, लिहायला बसण्यापूर्वी विषय मनात पक्का व्हावा आणि मग खाडाखोड न करता लिहावे, अशी त्याची शिस्त होती. ग्रहांची स्थिरता, समीकरणांची उकल, अंकशास्त्र अशा अनेक विषयांवर या काळात त्याने लिहिले. तीन गोलांच्या परस्पर आकर्षणाचा विचार करणारा, ‘एल’ बिंदूंशी त्याचे नाव जोडणारा निबंध १७७२ सालचा.

याच काळातील आणखी एका निबंधाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. एकाच राशीची अनेक निरीक्षणे घेतली, तर ती तंतोतंत जुळत नाहीत. मग त्यांची सरासरी घेण्याने नेमका किती लाभ होतो, याचा संभाव्यतेच्या अंगाने विचार करणारा लेख त्याने तुरीनच्या नियतकालिकात १७७० नंतरच्या वर्षांत प्रसिद्ध केला. शुद्ध तत्त्वांचा उपासक म्हणून ख्यात असलेल्या या माणसाला मोजमापातील चुकांचेही गांभीर्य होते, याची ही साक्ष आहे.

बर्लिनमध्येच त्याचा मुख्य ग्रंथ आकाराला आला. न्यूटनच्या पद्धतीने एखाद्या यंत्राचा विचार करायचा, तर त्याच्या प्रत्येक भागावर कोणकोणती बले लागतात, ती कोणत्या दिशेने लागतात, हे बाणांनी दाखवावे लागते. दोन दांडे एका खिळीने जोडलेले असतील, तर खिळीवरचा ताणही मोजावा लागतो. दांडे वाढले की बाणांचे जंगल माजते. लाग्रांजने वेगळी वाट धरली. यंत्राची स्थिती सांगायला जेवढ्या राशी पुरेत तेवढ्याच निवडाव्यात; सांधे असतील तर सांध्यांचे कोन घ्यावेत. मग सबंध यंत्राची गतीमुळे असणारी ऊर्जा आणि स्थानामुळे असणारी ऊर्जा त्या कोनांच्या भाषेत लिहावी. पहिलीतून दुसरी वजा करावी. या एका वजाबाकीवर ठरलेली कलनाची प्रक्रिया केली, की प्रत्येक सांध्यासाठी एक समीकरण आपोआप हाती येते. खिळीवरच्या ताणांचा हिशेब करावाच लागत नाही, कारण आदर्श सांध्यातील हे ताण काहीच कार्य करीत नाहीत. त्या वजाबाकीला पुढे ‘लाग्रांजियन’ हे नाव मिळाले.

यंत्र कोणतेही असो, प्रक्रिया तीच. लंबक असो, भोवरा असो वा ग्रहमाला असो, बदलतात त्या फक्त दोन ऊर्जा. म्हणूनच आपल्या ग्रंथात एकही आकृती आढळणार नाही, असे लाग्रांजने प्रस्तावनेत अभिमानाने नमूद केले. ‘मेकानिक आनालितिक’, म्हणजे वैश्लेषिक यामिकी, हा तो ग्रंथ. यंत्रशास्त्राचे पुस्तक आणि त्यात यंत्राचे एकही चित्र नाही, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती.

मात्र प्रत्यक्ष यंत्रात एक गोष्ट अशी असते, जी या दोन ऊर्जांच्या हिशेबात बसत नाही. ती म्हणजे घर्षण. घासणाऱ्या पृष्ठभागांत ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. ती किती जाईल, हे तत्त्वावरून सांगता येत नाही, मोजूनच पाहावे लागते. लाग्रांज बर्लिनमध्ये आपला ग्रंथ रचत असतानाच फ्रान्समध्ये शार्ल कूलोम हा लष्करी अभियंता रोशफोरच्या आरमारी गोदीत लाकूड, धातू आणि दोरखंड घासून, वजने लावून घर्षणाचे आकडे गोळा करीत होता. त्या कामाबद्दल पॅरिसच्या अकादमीने १७८१ साली त्याला पारितोषिक दिले. एकीकडे तत्त्वातून निघालेले, सर्व यंत्रांना लागू पडणारे समीकरण आणि दुसरीकडे प्रयोगातून निघालेले, त्या त्या वस्तूपुरते आकडे. यंत्रमानवाचे आजचे शास्त्र या दोन वृत्तींच्या मिलाफातून घडत आहे. मात्र त्या मिलाफाला वेळ लागला.

त्याच १७८१ साली लाग्रांजने दालाँबेरला लिहिलेल्या पत्रात निराशा व्यक्त केली. गणिताची खाण फार खोल गेली आहे, नव्या शिरा सापडल्या नाहीत तर ती लवकरच सोडून द्यावी लागेल आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हीच आता अधिक समृद्ध क्षेत्रे आहेत, असा त्याचा आशय होता. १७८३ साली दीर्घ आजारानंतर पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षी ऑयलर आणि दालाँबेर हेही काळाच्या पडद्याआड गेले. १७८६ साली फ्रेडरिकचा मृत्यू झाला आणि बर्लिनमधील वातावरण बदलले. १७८७ साली लाग्रांज पॅरिसला आला. लूव्रच्या राजप्रासादात त्याला निवासस्थान मिळाले.

‘मेकानिक आनालितिक’ १७८८ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. छपाईवर देखरेख करण्याचे काम तरुण गणितज्ञ आद्रियां-मारी लझांद्र याने केले. परंतु कर्त्याला आनंद झाला नाही. छापून आलेला ग्रंथ त्याच्या मेजावर दोन वर्षे न उघडता पडून होता, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. या काळात तो धर्म, वैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन अशा विषयांत मन रमविण्याचा प्रयत्न करीत होता. स्नेह्यांच्या बैठकीत तो खिडकीपाशी उभा राहून बाहेर पाहत असे.

त्याला या औदासीन्यातून बाहेर काढले ते राज्यक्रांतीने. १७९० साली वजने व मापे यांच्या सुधारणेसाठी समिती नेमण्यात आली आणि लाग्रांज तिचा प्रमुख आधारस्तंभ ठरला. बाराच्या नव्हे तर दहाच्या पटीतच मापे असावीत, याचा त्याने आग्रह धरला. आज रोबोच्या मोटारीचा टॉर्क ज्या एककात मोजतात, त्यातील मीटर हा त्या काळच्या प्रयत्नांचे फळ आहे. १७९२ साली ज्योतिर्विद ल मोनिए याच्या, वयाने बऱ्याच लहान असलेल्या मुलीशी त्याने दुसरा विवाह केला. आग्रह तिचाच होता आणि हा विवाह सुखाचा झाला.

दहशतीच्या पर्वात मात्र त्याच्यावरही संकट आले. शत्रुराष्ट्रांत जन्मलेल्या परकीयांना अटक करण्याचा कायदा सप्टेंबर १७९३ मध्ये झाला. तुरीनमध्ये जन्मलेला लाग्रांज त्या कक्षेत येत होता. आंत्वान लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने त्याच्यासाठी रदबदली केली आणि लाग्रांजला सूट मिळाली. पण सूट मिळवून देणारा स्वतः वाचला नाही. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. ते मस्तक उडवायला क्षणभर पुरला, पण तसे दुसरे घडायला शंभर वर्षेही कदाचित पुरणार नाहीत, अशा आशयाचे उद्गार लाग्रांजने काढले. एरवी राजकारणावर मौन पाळणाऱ्या माणसाच्या तोंडचे हे शब्द फ्रान्सच्या इतिहासात अजरामर झाले.

१७९४ च्या अखेरीस पॅरिसमध्ये अभियंत्यांसाठी एक नवी शाळा सुरू झाली. हीच पुढे एकोल पोलितेक्निक म्हणून प्रसिद्धीस आली. लाग्रांज तेथे गणिताचा प्राध्यापक झाला. एकोल नॉर्मालमधील त्याच्या व्याख्यानांना बसलेल्या जोसेफ फूरिएने त्याच्या इटालियन वळणाच्या उच्चारांची आठवण नोंदविली आहे. पोलितेक्निकमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. तरीही त्याच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून अभ्यास करून ‘श्रीयुत ल ब्लां’ या नावाने एका विद्यार्थ्याने त्याच्याकडे लेखन पाठविले. ते वाचून प्रभावित झालेल्या लाग्रांजने लेखकाचा शोध घेतला, तेव्हा ती सोफी जेर्मां ही तरुणी निघाली. त्याने तिला मनापासून प्रोत्साहन दिले.

या दोघांचा पुन्हा संबंध आला तो १८११ साली. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून तो धनुकलीने कंपित केला, की वाळूच्या सुंदर रेषा उमटतात, हे जर्मन संशोधक क्लाड्नी याने पॅरिसमध्ये दाखविले होते. त्याचे गणित मांडण्यासाठी जाहीर झालेल्या स्पर्धेत एकट्या जेर्मांने निबंध पाठविला. तिचे भौतिक गृहीतक समर्थ होते, पण कलनाच्या मांडणीत चूक होती. परीक्षक लाग्रांजने तिच्याच गृहीतकावरून योग्य समीकरण काढून दिले. निरीक्षणांना अचूक गणिती चौकट लाभली, की काय घडते, याचे हे बोलके उदाहरण होय. जेर्मांला अंतिम पारितोषिक १८१६ साली मिळाले. ते पाहायला लाग्रांज हयात नव्हता.

नेपोलियनने त्याला १८०८ साली साम्राज्याचा काउंट केले. सत्तरी उलटल्यावर लाग्रांजने आपला जुना ग्रंथ नव्याने लिहायला घेतला. सुधारित आवृत्तीचा पहिला खंड १८११ साली निघाला. दुसऱ्या खंडाचे काम चालू असतानाच त्याची प्रकृती खालावली आणि १० एप्रिल १८१३ रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले. पाँतेओंमध्ये त्याला चिरविश्रांती देण्यात आली. दुसरा खंड १८१५ साली प्रसिद्ध झाला.

लाग्रांजला संपलेली वाटणारी खाण संपलेली नव्हती. पण तिच्यातील एक शीर उजेडात यायला दीडशे वर्षे जावी लागली. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. वेगवान आणि अचूक हालचालींसाठी सर्व सांध्यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक होते. कारण कोपर हलले की त्याचा हिसका खांद्याला बसतो. लाग्रांजची समीकरणे यासाठी अगदी योग्य होती. अडचण होती ती संगणकाच्या गतीची. आरंभीच्या मांडणीत सांधे वाढले, की गणिती क्रिया सांध्यांच्या संख्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढत. सांधे दुप्पट, तर काम सोळापट! १९८० साली जॉन हॉलरबाख याने समीकरणांची अशी मांडणी केली, की काम सांध्यांच्या संख्येच्या सरळ प्रमाणातच वाढावे. त्याच वर्षी न्यूटन व ऑयलर यांच्या पद्धतीवर आधारलेली तितकीच वेगवान रीतही पुढे आली.

दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. समीकरण ठाऊक असले, तरी त्यात घालायचे आकडे कोठून आणायचे? हाताच्या प्रत्येक भागाचे वस्तुमान, त्याचा गुरुत्वमध्य, त्याचे जडत्व हे नकाशावरून अचूक कळत नाही. हाताने उचललेल्या वस्तूचे तर मुळीच कळत नाही. १९८६ साली क्रिस्तोफर अ‍ॅटकेसन, चे अ‍ॅन आणि हॉलरबाख यांनी दाखविले, की हात प्रत्यक्ष हलवून घेतलेल्या नोंदींवरून हे आकडे काढता येतात. नोंदींमध्ये चुका असतातच. त्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी, असे आकडे निवडायचे. ही किमान वर्गांची पद्धत प्रथम १८०५ साली प्रसिद्ध केली ती लझांद्रने, म्हणजे ज्याने लाग्रांजच्या ग्रंथाची मुद्रिते तपासली होती, त्यानेच. धूमकेतूंच्या कक्षा ठरविण्यासाठी निघालेली ती रीत रोबोला स्वतःच्या हाताचे वजन शिकवू लागली.

तरीही घर्षण, दातेरी चाकांमधील ढिलाई, लवचिक दांडे, ओढल्या जाणाऱ्या तारा हे सारे शिल्लकच होते. मग न्यूरल नेटवर्क प्रगत झाल्यावर असा विचार पुढे आला, की समीकरणे बाजूला ठेवावीत आणि सांध्याचा कोन, वेग व प्रवेग देऊन टॉर्क किती हे नेटवर्कलाच शिकू द्यावे. हे साधतेही, पण त्याला नोंदी फार लागतात आणि शिकविताना न आलेल्या स्थितीत हात गेला, की उत्तर भलतेच येऊ शकते. अशा नेटवर्कला हे ठाऊकच नसते, की ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही आणि वस्तुमान कधी ऋण नसते. रोबो पिंजऱ्यात बंदिस्त असेल, तर अशा चुकीने फार तर एखादा सुटा भाग मोडेल. पण तो माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करीत असेल, आजारी व्यक्तीला उठवून बसवीत असेल, तर त्या चुकीची किंमत माणसाला मोजावी लागेल.

यावरचा एक उपाय म्हणजे जेवढे ठाऊक आहे तेवढे समीकरणाने सांगावे आणि उरलेली तफावत तेवढी यंत्राला शिकू द्यावी. प्रिन्स्टन, गूगल, कोलंबिया व एमआयटी येथील संशोधकांनी २०१९ साली वस्तू उचलून खोक्यात भिरकावणारा ‘टॉसिंगबॉट’ तयार केला. वस्तू किती वेगाने फेकावी, याचा पहिला अंदाज तोफगोळ्याच्या जुन्या सूत्राने मिळतो. वस्तू कशी पकडली आहे आणि हवेत ती कशी वागेल, त्यासाठीची दुरुस्ती नेटवर्क सुचविते. त्याच वर्षी झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी ‘एनीमल’ या चार पायांच्या रोबोला संगणकातील आभासी जगात चालायला शिकविले. हाडांसारख्या कठीण भागांची गती तेथे भौतिकीच्या समीकरणांनी काढली होती. मोटार, दाते आणि स्प्रिंग यांचे गुंतागुंतीचे वर्तन मात्र प्रत्यक्ष नोंदींवर शिकलेल्या नेटवर्ककडे सोपविले होते. आभासी जगातील हे शिक्षण खऱ्या जमिनीवर उपयोगी पडले.

दुसरा उपाय लाग्रांजच्या विचाराच्या अधिक जवळ जातो. जर्मनीतील डार्मश्टाट येथील मायकेल लटर, ख्रिस्तियान रिटर व यान पेटर्स यांनी २०१९ साली ‘डीप लाग्रांजियन नेटवर्क’ मांडले. त्यांनी नेटवर्कला टॉर्क शिकविला नाही. दोन ऊर्जा शिकविल्या. गतिज ऊर्जेत येणारे जडत्वाचे कोष्टक अशा रीतीने बांधले, की ते कोणत्याही स्थितीत ऋण होऊच नये. मग या शिकलेल्या ऊर्जांवर १७८८ सालच्या ग्रंथातील प्रक्रिया जशीच्या तशी चालवून टॉर्क काढला. हाताच्या भागांची वजने किंवा लांबी त्याला आधी सांगावी लागली नाही. पुढल्या वर्षी अमेरिकेत माइल्स क्रॅनमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून व्यापक स्वरूपाचे ‘लाग्रांजियन न्यूरल नेटवर्क’ प्रसिद्ध केले. दोन दांड्यांच्या लंबकावर त्याची परीक्षा घेतली, तेव्हा साध्या नेटवर्कची ऊर्जा हळूहळू भरकटत गेली; या नेटवर्कने ती जवळजवळ कायम राखली.

अर्थात सर्व प्रश्न सुटलेले नाहीत. घर्षणाचा हिशेब आजही स्वतंत्रपणे जोडावा लागतो आणि त्यातील सर्वांत साध्या पदाला नाव आहे ते कूलोमचे. पाऊल जमिनीवर आदळते किंवा बोटे वस्तूला टेकतात, त्या क्षणी गती अचानक बदलते. ऊर्जेची सलग समीकरणे तेथे अपुरी पडतात. अशा प्रसंगी काय गृहीत धरायचे आणि काय शिकू द्यायचे, ही सीमारेषा आखणे हेच आज या क्षेत्रातील मुख्य काम आहे.

ही सीमारेषा आखण्याची सोय लाग्रांजने करून ठेवली, हे त्याचे ऋण आहे. त्याचे समीकरण एखाद्या विशिष्ट यंत्राविषयी काहीच सांगत नाही. दांडा किती लांब, वजन किती, सांधे किती, याविषयी ते गप्प असते. ती जागा ते रिकामी ठेवते आणि जे सर्व यंत्रांना समान तेवढेच ठामपणे सांगते. ग्रंथात आकृती नव्हती, ती याच कारणाने. त्या रिकाम्या जागेत अभियंत्यांनी आधी नकाशावरचे आकडे भरले, मग लझांद्रच्या रीतीने मोजलेले आकडे भरले आणि आता तेथे अनुभवातून शिकणारे नेटवर्क बसविले जात आहे. आजूबाजूची चौकट मात्र बदललेली नाही. पॅरिसमधील मेजावर जो ग्रंथ दोन वर्षे न उघडता पडून होता, त्यातली ही चौकट आहे.